कायदा कागदावर, धूर छातीत

ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सरकारी देखरेखीखालील विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. म्हणजे 1924 सालीच तळे कागदावर मोकळे झाले होते. तरी त्या तळ्याचे पाणी आपल्या माणसांच्या ओंजळीत आले ते 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक चालत गेले तेव्हा. मधली तीन वर्षे ठराव दफ्तरात पडून होता.

आरोग्याच्या पानावर महाडची आठवण कशासाठी, असे कुणी विचारील. कारण असे की प्रदूषणाच्या बाबतीत आपण आज 1924 सालातच उभे आहोत. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा 1974 सालचा आहे. हवेचा 1981 चा, पर्यावरण संरक्षणाचा 1986 चा, ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. स्वच्छ हवा व पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले. मंडळे आहेत, अधिकारी आहेत, शिक्के आहेत. आणि तरीही संध्याकाळी वस्तीच्या कडेला कचऱ्याचा ढीग पेटतो, त्याचा धूर पाळण्यातल्या लेकराच्या नाकात जातो. कायदा झाला, पण त्याच्यापर्यंत कुणी चालत गेले नाही.

विटाळ आणि प्रदूषण

महाडला आपली माणसे पाणी प्यायली म्हणून ते पाणी बाटले, असे ठरवून शेणा-गोमूत्राच्या घागरी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. स्वच्छ माणसाने पाण्याला हात लावला तर विटाळ, आणि पाण्यात शेण ओतले तर शुद्धी! आरोग्यशास्त्राच्या इतक्या उलट वागणूक दुसरी सापडायची नाही.

हाच उलटा हिशेब गावाच्या रचनेत पक्का बसला. गावाची घाण ज्या बाजूला जाते त्या बाजूला आपली वस्ती. नाली संपते तिथे आपले घर, उकिरडा सुरू होतो तिथे आपले अंगण. शहरातही हेच घडले. मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंड सुरू झाले तेही 1927 सालीच. आज त्याच्या आसपास गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द या भागांत लाखो गरीब माणसे राहतात. त्यात दलित आहेत, मुस्लिम आहेत, दुष्काळाने गाव सोडून गेलेली मराठवाड्याची, विदर्भाची कुटुंबे आहेत. जानेवारी 2016 च्या अखेरीस या कचऱ्याला मोठी आग लागली. धुराने आकाश भरले आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

म्हणून प्रदूषण हा केवळ झाडाफुलांचा किंवा सुखवस्तू लोकांच्या हौसेचा विषय आहे, असे आपण समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाहेरची आणि घरातली दूषित हवा मिळून जगात दरवर्षी सुमारे 70 लाख माणसांचे अकाली मृत्यू होतात. ही माणसे कोण असतात? जी चुलीपुढे बसतात, जी रस्त्याच्या कडेला झोपतात, जी जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत उभी राहतात, जी कचरा उचलतात.

लोक उभे राहिले तेव्हा काय झाले?

सामान्य माणसाच्या तक्रारीने काय फरक पडतो, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर तीन ठिकाणी शोधू.

पहिले ठिकाण मुंबईतील माहुल आणि आंबापाडा. चेंबूरजवळच्या या जुन्या वस्त्यांच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायने साठवण्याच्या मोठमोठ्या टाक्या आहेत. टाक्या भरताना-रिकाम्या करताना उडणारी रासायनिक वाफ हवेत मिसळते. डोळे चुरचुरणे, श्वास लागणे, डोके गरगरणे हे तिथल्या माणसांचे रोजचे दुखणे झाले. 2014 मध्ये चारुदत्त कोळी आणि इतर रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठापुढे गेले. केईएम रुग्णालयाने त्या भागात केलेली आरोग्य पाहणी तिथे महत्त्वाची ठरली. डिसेंबर 2015 च्या निकालात रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे न्यायाधिकरणाने मान्य केले. पुढे ऑगस्ट 2020 मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश दिला. या मोठ्या कंपन्यांना न्यायासनासमोर उभे करणारे कुणी पुढारी नव्हते. ती त्याच गावात राहणारी माणसे होती.

दुसरे ठिकाण गोवंडी. मुंबईतल्या दवाखान्यांचा जैविक कचरा जाळणारा प्रकल्प तिथे वस्तीजवळ चालत होता. दमा आणि क्षयाने आधीच बेजार झालेल्या लोकांनी रहिवासी संघटनेमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत दुसरीकडे हलवण्याचे निर्देश दिले. मात्र यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एका वस्तीतून उचललेला धूर दुसऱ्या गरिबाच्या गावात नेऊन सोडला तर तो न्याय अर्धाच राहतो. नव्या जागेतल्या लोकांचीही तीच विचारपूस व्हायला हवी.

तिसरे ठिकाण आपल्या विदर्भातले. नागपूर जिल्ह्यात कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या तळ्यांत सोडतात. ही राख उन्हाळ्यात उडून घरात, अन्नात, पिकांवर येते आणि पाण्यात झिरपते. पारशिवनी तालुक्यातील नांदगाव येथे राखेचे तळे वापरात आले तेव्हा गावकऱ्यांनी तक्रारी केल्या. पर्यावरण अभ्यासकांनी पाण्याचे आणि राखेचे नमुने तपासून अहवाल काढला. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी तिथे येऊन पाहणी केली आणि नांदगावात राख टाकणे थांबवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये कोराडीजवळच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत, नदीत गेली. गावकरी जी भीती सांगत होते ती खोटी नव्हती.

या तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी सारख्या दिसतात. लोकांनी त्रासाची नोंद ठेवली. एकट्याने न जाता गटाने गेले. आणि पुरावा तयार करण्यासाठी डॉक्टर, अभ्यासक, वकील यांना सोबत घेतले. नुसता संताप अधिकाऱ्याच्या टेबलावर टिकत नाही. तारीख घातलेला कागद टिकतो.

आपल्या जिल्ह्यात, आपल्या गावात

केंद्र सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांची नावे होती. त्यानंतर स्वच्छ वायू सर्वेक्षणात 3 ते 10 लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती शहर 2023 मध्ये देशात पहिले आले आणि 2025 मध्येही पहिले आले. आनंदाची गोष्ट आहे. रस्त्यावरची धूळ, उघड्यावर जळणारा कचरा, वाहनांचा धूर आणि लोकजागृती अशा कामांचे गुण त्यात धरले जातात. म्हणजे नागरिकाने कचरा जाळायचे थांबवले तर शहराचे गुण वाढतात, हे सरकारनेही मान्य केले आहे.

पण चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा, नांदगाव खंडेश्वर यांसारख्या तालुक्याच्या गावांचे काय? मोठ्या शहरात चौकात यंत्र लावून हवा मोजली जाते. लहान गावात मोजमाप होत नाही म्हणून आकडा निघत नाही, आकडा निघत नाही म्हणून प्रश्न नाही असे समजले जाते. अशा ठिकाणी नागरिकाचे नाक, डोळे आणि वही हेच यंत्र.

पाण्याची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. जुलै 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या आदिवासी गावांत दूषित विहिरीचे पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली. अनेक जण आजारी पडले, काहींचे प्राण गेले. 2022 साली, अमरावती जिल्ह्यात, पाण्यापायी माणसे मेली! कॉलरा हा असाध्य रोग नाही. वेळेवर जलसंजीवनी आणि सलाईन मिळाले तर रोगी वाचतो, आणि विहिरीत वेळेवर क्लोरीन पडले तर रोग येतच नाही.

पाण्यावर नजर ठेवण्याची सोय सरकारी यंत्रणेत आधीच आहे, फक्त ती आपल्याला ठाऊक नसते. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. पावसाळ्याआधी व नंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना साध्या किटने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले? त्या पाच महिला कोण? आपल्या वस्तीच्या बोअरचे पाणी शेवटचे कधी तपासले? हे तीन प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारायला एक पैसाही लागत नाही. शहरी भागात हेच प्रश्न नगर परिषदेला विचारावेत. विशेषतः नळाची पाइपलाइन नालीतून जात असेल तर ती जागा दाखवून द्यावी. कावीळ आणि हगवण तिथूनच घरात शिरते.

आपल्याच हातातला धूर

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. बुद्धांनी माणसाला स्वतःच्या कृतीची जबाबदारी घ्यायला शिकवले. विनयात भिक्खूंसाठी नियम आहे की निरोगी भिक्खूने पाण्यात किंवा हिरव्या गवतावर मलमूत्र करू नये, थुंकू नये. भिक्खूच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे फडके आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही आरोग्यदृष्टी आहे.

चूल : तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या यांचा धूर बंद घरात साचतो. चुलीपुढे वर्षानुवर्षे बसणाऱ्या बाईला बिडी न ओढताही दम्यासारखा जुनाट फुप्फुसाचा रोग होतो. सिलिंडर परवडत नसेल तर निदान चूल उघड्यावर मांडावी, स्वयंपाकघराला धुराडे किंवा झरोका ठेवावा, लहान मूल कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नये.

प्लॅस्टिक : पन्न्या, टायर, जुनी वायर जाळल्याने अत्यंत विषारी वायू तयार होतात. चूल पेटवायला पन्नी वापरण्याची सवय तर ताबडतोब सोडावी. उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने मनाई आहे, मग तो आपण जाळो की नगर परिषदेचा कर्मचारी.

शेत : कापूस निघाल्यावर पऱ्हाटी बांधावर पेटवून देतात. तिचा बारीक चुरा करून जमिनीत गाडली तर जमिनीला खत मिळते आणि गावाची हवा वाचते. फवारणीच्या बाबतीत यवतमाळ जिल्ह्यातील 2017 चा अनुभव विसरता येणार नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. फवारणारा हात बहुतेक वेळा मजुराचा असतो. मास्क, हातमोजे, पूर्ण कपडे मागणे हा मजुराचा हक्क आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. औषधाचा रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला वापरू नये, आणि पंप विहिरीवर किंवा नाल्यावर धुऊ नये.

कचरा : ओला, सुका आणि धोकादायक कचरा वेगळा का करायचा? कारण घंटागाडीमागे चालणारा आणि नालीत उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो. आपण टाकलेली फुटकी काच, सुई, वापरलेले पॅड त्याच्या हाताला लागतात. कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे देणे ही त्याच्याविषयीची मैत्री आहे.

आवाज : हा मुद्दा काहींना टोचेल, तरी लिहिणे भाग आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. डीजेचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे जातो. त्याने कानाच्या नसा कायमच्या बिघडतात, रक्तदाब वाढतो, हृदयरोग्याच्या जिवावर बेतते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट सांगितले की लाउडस्पीकर लावणे हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही. हा नियम सर्व धर्मांच्या सर्व उत्सवांना आहे. मग 14 एप्रिलला आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून आवाज का वाढवावा? ज्यांनी अठरा-अठरा तास शांतपणे अभ्यास केला, त्यांची जयंती परीक्षेला बसलेल्या आपल्याच पोरांचे कान फोडून साजरी होऊ नये. फुले-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ ही कल्पना आपल्याच तरुणांनी रुजवली. डीजेचा खर्च वाचवून वस्तीच्या पाण्याची तपासणी किंवा आरोग्य शिबिर करणे हीही तशीच मानवंदना होईल.

तक्रार कशी करावी?

1. नोंद ठेवा. एका वहीत तारीख, वेळ, धूर किंवा घाण कुठून आली, वारा कोणत्या बाजूचा होता, कुणाला काय त्रास झाला, हे लिहा. मोबाइलवर फोटो काढा. दवाखान्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

2. लेखी अर्ज द्या. गावात ग्रामपंचायतीला, शहरात नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

3. प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. कारखाना, खदान, वीटभट्टी, दवाखान्याचा कचरा असा विषय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती येथील प्रादेशिक कार्यालयाला अर्ज करा.

4. माहिती अधिकार वापरा. 2005 च्या कायद्याने 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत माहिती मिळते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. कारखान्याला मंडळाने दिलेले संमतीपत्र, त्यातल्या अटी आणि तपासणीचे अहवाल मागा. कोणती अट मोडली हे कळले की तक्रारीला धार येते.

5. जनसुनावणी सोडू नका. मोठा प्रकल्प येताना 2006 च्या अधिसूचनेनुसार अनेक प्रकल्पांसाठी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिची किमान 30 दिवस आधी नोटीस निघते. तिथे मांडलेले म्हणणे इतिवृत्तात येते. आपली माणसे गेली नाहीत तर ‘विरोध नाही’ असाच अर्थ निघतो.

6. न्यायाचे दार. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे चांगले. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांनाही हा लाभ आहे. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे.

एकट्याने जाऊ नका

हे सारे लिहायला सोपे आहे, करायला कठीण. ज्याच्या भट्टीचा धूर येतो त्याच्याच भट्टीवर आपला माणूस कामाला असतो. ज्याच्या क्रशरची धूळ उडते त्याच्याकडून उसनवारी घेतलेली असते. तक्रारीखाली एकच सही असेल तर त्या घराची रोजी जाते. म्हणून अर्ज विहार समितीच्या, महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या नावाने करावा, खाली पन्नास सह्या असाव्यात. आणि शेजारच्या गल्लीतल्या, इतर समाजांच्या लोकांनाही सोबत घ्यावे. धूर जात पाहून घरात शिरत नाही. तो आपल्याकडे आधी आणि जास्त येतो, एवढेच.

लोकांच्या सहभागालाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. कचरा उचलणे, नाली बांधणे, कारखाना तपासणे हे सरकारचे आणि नगर परिषदेचे काम आहे. ‘लोकसहभाग’ म्हणत आपल्या हाती झाडू देऊन प्रशासनाने मोकळे होऊ नये. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव रस्ते झाडले, पण झाडता झाडता त्यांनी माणसांना विचार करायला आणि प्रश्न विचारायला लावले. सहभागाचा खरा अर्थ तोच आहे. हातात झाडू असावा, तसाच खिशात अर्ज असावा.

सुरुवात लहानच असू द्यावी. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे थांबावे. एक वही काढावी. वस्तीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला आहे, दमा कुणाला आहे, जुलाब कुणाच्या घरी झाले, हे लिहावे. ज्यांना दोन आठवड्यांवर खोकला आहे त्यांना सरकारी दवाखान्यात थुंकीच्या मोफत तपासणीला पाठवावे. मग त्या नावांच्या समोर त्यांचे घर कुठल्या नालीजवळ, कुठल्या उकिरड्याजवळ, कुठल्या धुराड्याखाली आहे तेही लिहावे. दोन महिन्यांत ती वही स्वतःच बोलू लागेल. आणि तिच्यावरून पहिला अर्ज लिहायला दहावी शिकलेली आपली एखादी मुलगीही पुरेशी आहे.

जयभीम!